साळवे बाईंची माती

परवा सूनबाई मोबाईल घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. म्हणाली, "आई, कंपोस्टसाठी डबा मागवतेय. हिरवा घेऊ की काळा? एकाला खाली तोटी आहे, दुसऱ्याला फिरवायला दांडा आहे." मी चष्मा लावून बघितलं. प्लॅस्टिकचे चकचकीत डबे, शेजारी हसणारी एक बाई आणि तिच्या हातात पांढरे मोजे. ते मोजे बघून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "कुठलाही घे. हवेला भोकं आहेत का तेवढं बघ. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा कचरा घेत बसू नकोस." ती म्हणाली, "शेजारी कशाला देतील आपला कचरा?" या पोरींना वाटतं, जग त्यांच्या लग्नाच्या दिवशी सुरू झालं.

पण त्या दिवसापासून साळवे बाई डोक्यातून जाईनात. तेव्हा म्हटलं, सांगूनच टाकावं. ऐकणाऱ्याला गोड वाटेल असं यात फारसं काही नाही, ते आधीच सांगते.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्याच्या आधीची ही गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायचो. कुठला कारखाना ते विचारू नका. जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि माणसं सगळीकडे सारखीच. वसाहतीत कारखान्याचीच शाळा होती. मी मराठी शिकवायचे. साळवे बाई विज्ञान शिकवायला आल्या आणि त्यांना माझ्या शेजारचं शेवटचं क्वार्टर मिळालं. शेवटचं मिळालं म्हणजे दिलं गेलं. ओळीच्या मधली दोन रिकामी होती. ती "रंगकामाला काढलीत" असं हेडमास्तर म्हणाले. तो रंग मी तिथे होते तोवर काही लागला नाही.

बाई उंच, सावळ्या, आणि लग्न न केलेल्या. पांढरी सुती साडी, कडक इस्त्रीची. काठ तेवढा निळा. वसाहतीत कारखान्याच्या चिमणीची काजळी दिवसभर पडायची. आमच्या साड्या दुपारपर्यंत राखाडी व्हायच्या. बाईंची साडी संध्याकाळीही पांढरीच. त्या दर तासाला रुमालानं खांदा झटकायच्या, अगदी फळ्यावर लिहिता लिहितासुद्धा. नखं इतकी बारीक कापलेली की बोटं दुखत असतील असं वाटावं. मुलं म्हणायची, बाईंच्या हाताला खडूसुद्धा चिकटत नाही.

त्यांची एक सवय मला आधी फार खटकली. मी पहिल्याच दिवशी त्यांना चहाला बोलावलं. त्या म्हणाल्या, "येईन की. पण आधी तुम्ही माझ्याकडे या. तुम्ही माझ्या कपातला चहा घेतलात की मग मी तुमच्याकडे येईन." मला वाटलं, केवढा हा ताठा. नंतर कळलं, त्या सगळ्यांनाच असं सांगायच्या. कोण येतं आणि कोण "आज चतुर्थी आहे हो", "आत्ताच घेतला बघा" करतं, यावरून त्या माणसं ओळखायच्या. मी गेले. चहा आल्याचा होता, फक्कड. त्यानंतर आमची गट्टी जमली.

त्यांच्या घरामागे जागा होती, पण ती जागा म्हणजे नुसता मुरूम. क्वार्टर बांधताना उरलेला चुना आणि विटांचे तुकडे तिथेच टाकलेले. पहिल्याच रविवारी बाई पदर खोचून तिथे उभ्या राहिल्या आणि टिकावानं खणायला लागल्या. मी भिंतीवरून म्हटलं, "बाई, इथे निवडुंगसुद्धा नाही यायचा. चांगली माती मागवा, कारखान्याचा ट्रॅक्टर टाकून देईल."

"मागवायची नाही," त्या म्हणाल्या, "करायची."

"माती करतात?"

"करतात. तुमच्याकडे जमीन वाडवडिलांकडून आली असेल निकम बाई. आमच्या वाट्याला गावाबाहेरची खडकाची पट्टी, तीही सतरा भाऊबंदांत. वारशानं मिळायची नाही, विकत घ्यायची ऐपत नाही. मग राहिलं काय? आपल्या हातानं करायची."

त्या हे हसत म्हणाल्या. मीही हसले. पण त्या विनोद करत नव्हत्या.

मग सुरू झाला त्यांचा खताच्या पेटीचा शोध. आज सूनबाई जो प्रश्न मोबाईलवर पाच मिनिटांत सोडवते, त्याला बाईंना वर्ष लागलं. आधी त्यांनी खड्डा केला. खेड्यात उकिरडा असतो तसा, पण मापात, चौकोनी. पावसाळ्यात मुरमातून पाणी जिरेना, खड्ड्याचं डबकं झालं आणि डासांनी आम्हाला फोडून काढलं. मग त्यांनी रस्त्याच्या कंत्राटदाराकडून डांबराचं रिकामं पिंप आणलं. त्यात हवा जाईना. झाकण उघडलं की असा भपकारा यायचा की माझी मांजर आठवडाभर त्या बाजूला फिरकली नाही. मग बुरडाकडून कामट्यांची उंच कणगी विणून घेतली. ती दिसायला इतकी सुरेख की मला तिच्यात धान्य भरावंसं वाटलं. दिवाळीपर्यंत वाळवीनं तिचा बुडखा खाल्ला आणि एके सकाळी ती आडवी झाली. बाई तिच्याजवळ बसून खो खो हसत होत्या. म्हणाल्या, "वाळवीला तरी आपलं काम आवडलं."

शेवटी त्यांनी शाळेच्या बांधकामातल्या उरलेल्या विटा मागून घेतल्या आणि कारखान्याच्या गवंड्याला बोलावलं. त्यांना कमरेएवढा हौद हवा होता, मधे भिंत घालून दोन कप्प्यांचा. एक कप्पा भरायचा, तोवर दुसरा मुरायचा. आणि भिंतीत दर दोन विटांमधे बोटभर फट. गवंडी डोकं खाजवायला लागला.

"बाई, आसली भोकाची भित मी जलमात बांधली न्हाई. लोक म्हनतील, गवंड्याला इटा पुरल्या न्हाईत."

"लोकांना माझं नाव सांगा."

"आन् ढासळली तर?"

"तर तुमचं सांगेन."

गवंडी हसला आणि त्यानं हौद बांधला. तो काही ढासळला नाही. ढासळवावा लागला, ते पुढे येईल.

त्या हौदापुढे बाई म्हणजे एखादी सुगरण चुलीपुढे असते तशा. खाली काटक्या, वर वाळका पाला, वर भाजीची देठं, वर शेणकाला, पुन्हा पाला. "ओलं एक ओंजळ, कोरडं दोन ओंजळी," हे त्यांचं पालुपद. वर्गात एखादं पोर अभ्यास न करता आलं की म्हणायच्या, "हा नुसता कोरडा पाला आहे, याच्यावर कुणीतरी पाणी मारा." आठवड्याला दाताळ्यानं सगळं वरखाली करायच्या आणि मूठभर घेऊन पिळायच्या. बोटांतून एखादा थेंब आला की खूश. धार लागली की कपाळाला आठ्या. मग मला भिंतीवरून शिकवणी. "कुजणं वेगळं आणि सडणं वेगळं, निकम बाई. जे हवेत असतं ते कुजतं, त्याची माती होते. जे कोंडून ठेवलेलं असतं ते सडतं, त्याची नुसती घाण होते." हे मी इतक्यांदा ऐकलं की एकदा वैतागून म्हटलं, "बाई, मला परीक्षेला बसायचं नाही."

दुसऱ्या वर्षी त्या मुरमावर काळी, भुसभुशीत, हात घातला की कोपरापर्यंत जाईल अशी माती झाली. त्यात बाईंनी शेवंती लावली. आमच्या नगरकडची शेवंती, पिवळीधमक. दसऱ्याला वसाहतीतली निम्मी तोरणं बाईंच्या फुलांची होती. वांगी अशी लागली की टोपलीनं वाटली. इथे वसाहतीचं शास्त्र सांगते. बाईंची फुलं देवाला चालायची. बाईंची वांगी घरात चालायची. बाईंनी त्याच वांग्यांचं भरीत करून पाठवलं की ते मात्र "पोरांना सोसत नाही" म्हणून गाईपुढे जायचं. मला याची चीड यायची. बाईंना माहीत होतं. त्यांनी दोनदा भरीत पाठवलं आणि मग कधीच पाठवलं नाही. वांगी मात्र पाठवत राहिल्या.

आता मोहिते वहिनींबद्दल सांगायला हवं. मोहिते स्टोअरकीपर होते आणि वहिनी साऱ्या वसाहतीच्या वहिनी. गोऱ्या, गुटगुटीत, कुणाचं बाळंतपण असो की कुणाचं दहावं, सगळ्यात पुढे. बाईंच्या घरी माझ्यानंतर चहा घेतला तो त्यांनीच. कप हातात घेऊन म्हणाल्या, "आमच्यात नाही हो तसलं काही." मनाच्या वाईट नव्हत्या. उलट चांगल्या होत्या, म्हणून तर मला आजही त्यांचा राग नीट करता येत नाही.

महिला मंडळात बाईंनी एकदा सांगितलं की प्रत्येकीनं घरामागे असा एक हौद करावा, मी येऊन दाखवते. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीही केला नाही. मग वहिनी म्हणाल्या, "त्यापेक्षा आम्ही तुमच्याच हौदात आणून टाकत गेलो तर?" बाईंनी थोडा विचार केला आणि हो म्हटलं, पण एक नियम घातला. ज्याचं त्यानं आत यायचं, आपल्या हातानं टाकायचं, आपल्या हातानं वर पाला पसरायचा. आणि जाताना चहा घेऊन जायचं. मला आता वाटतं, बाईंना कचऱ्यापेक्षा तो चहाच हवा होता.

पहिले दोन महिने काय थाट होता. सकाळी पाच-सहा बायका हौदाभोवती पाला पसरतायत, हसतायत, बाई चहा गाळतायत. चतुर्थीवाल्यासुद्धा यायला लागल्या. बाईंचा चेहरा उजळला होता. एकदा मला म्हणाल्या, "बघा, हिच्या घरची साल कुठली आणि तिच्या घरची कुठली, आठ दिवसांनी सांगून दाखवा."

मग हळूहळू सुरू झालं. कुणाला स्वयंपाकाची घाई, ती हौदाशी टोपली ठेवून जायला लागली. मग टोपली फाटकाशी राहायला लागली. मग पोराच्या हातून यायला लागली. मग फाटकाबाहेरून नुसती हाक, "बाई, ठेवलंय हो." पुढे हाकही बंद झाली. सकाळी बाईंच्या दारात टोपल्यांची रांग, आणि बाई शाळेत जाण्याआधी पदर खोचून एकेक टोपली नेऊन ओततायत. देठांत काचा यायला लागल्या, पोरांची लंगोटी आली, एकदा मेलेला उंदीर आला. मी म्हटलं, "बाई, हे बंद करा." त्या म्हणाल्या, "माणसं घाईत असतात. एकदा बोलेन त्यांना." बोलल्या नाहीत. ज्या बाईनं हेडमास्तरांना वेळापत्रकावरून सरळ केलं होतं, तिची या बायकांपुढे जीभ उचलत नव्हती. बोललं की त्या यायच्या बंद होतील ही भीती. आणि त्या तर कधीच्याच यायच्या बंद झाल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत बाईंचे वडील येणार होते. पहिल्यांदाच. मिरजगावच्या बाजूचं त्यांचं गाव. त्यांच्याबद्दल बाई कमी बोलायच्या, पण एकदा सांगितलं होतं. धर्मांतर केलं त्या वर्षी आबांनी गावाला सांगितलं की आजपासून आमच्यातलं कुणी मेलेलं ढोर ओढणार नाही, गाव झाडणार नाही, सणाला दारोदार भाकरी मागणार नाही. हातातली गावकीची घुंगराची काठी त्यांनी चावडीपुढे मोडली. त्याच आठवड्यात गावातला एक बैल मेला आणि तिथेच पडून राहिला. गावानं त्यांना पिठाची गिरणी बंद केली, दुकान बंद केलं, कामं बंद केली. आबांची धाकटी लेक त्या हिवाळ्यात तापानं गेली. औषधाला नेण्यासाठी कुणी गाडी दिली नाही. तरी आबा नमले नाहीत. बाई म्हणाल्या, "आबांचं एकच वाक्य आहे. आपल्या घरात आता कुणी कुणाचं टाकलेलं उचलणार नाही." हे सांगताना बाईंनी खांदा झटकला. काजळी काही पडलेली नव्हती.

आबा आले. बाईंच्या घरी आकाशकंदील नव्हता, पणत्या नव्हत्या. "आमच्यात दिवाळी नाही, नुसती सुट्टी," त्या म्हणायच्या. पण घर आरशासारखं लख्ख केलेलं. आठवडाभर आधीच त्यांनी बायकांना सांगून ठेवलं होतं की सुट्टीत काही आणू नका, पाहुणे आहेत. पाडव्याच्या सकाळी मी चहाला गेले. आबा म्हणजे वाळक्या बाभळीसारखा माणूस. पांढरी टोपी, पांढरा सदरा, लेकीसारखीच कडक इस्त्री. बाई त्यांना मागे घेऊन गेल्या. मीही गेले.

शेवंती अशी फुलली होती की पान दिसत नव्हतं. आबा कितीतरी वेळ उभे राहिले. मग खाली बसले आणि मूठभर माती उचलली. नाकाशी नेली. बोटांनी कुस्करली.

"ही माती कुठनं आनली, सुमन?"

"आणली नाही आबा. मी केली."

"माती कुनी करतं व्हय?"

"मी केली. इथे सगळा मुरूम होता. या बाईंना विचारा."

मी म्हटलं, "खरं आहे आबा. माझ्या डोळ्यांदेखत केली."

म्हातारा हसला. पुढचे दात नव्हते त्यांना. मग ती मूठ तशीच धरून माझ्याकडे बघत म्हणाले, "आमच्या बापानं लोकाची जमीन राखली. मी बी लोकाच्याच बांधावर हुबा राह्यलो. आन् ही बघा. हिनं माती केली." त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "कशाची केली गं?"

"पाला, शेण, भाजीची देठं," बाई म्हणाल्या. कुणाची देठं, ते त्या बोलल्या नाहीत. बाईंच्या तोंडावरचा तो आनंद मी परत कधी बघितला नाही.

आम्ही पुढच्या ओट्यावर येऊन बसलो. आबांनी ती माती रुमालात बांधून घेतली, गावाला दाखवायला. बाई आत चहा टाकायला गेल्या आणि फाटक वाजलं. मोहिते वहिनी. नवी साडी, नाकात नथ, हातात ताट, वर क्रोशाचा रुमाल. ताटात करंज्या, चकल्या, आणि घडी घातलेला कोरा खण. आबांना बघून त्यांनी पदर सारखा केला आणि छान हसल्या.

"बाईंचे वडील का? नमस्कार. बाईंची पोस्त आणलीय."

दिवाळीची पोस्त ठाऊक असेलच. पोस्टमनला देतात, गुरख्याला देतात, संडास झाडणाऱ्याला देतात.

आबा उठून उभे राहिले. "कसली पोस्त?"

"अहो, वर्षभर कचरा नेतात ना आमचा. सगळ्या गल्लीचा. कधी एक दिवस खाडा नाही हो. म्हटलं, सगळ्यांना देतो, मग बाईंना का नको? ताजं आहे सगळं, आमच्या घरात खायच्या आधी काढून ठेवलंय."

वहिनींच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. मी शपथेवर सांगेन. शिळं दिलं नाही, ताजं दिलं, खण नवा दिला. त्यांना वाटत होतं आपण मोठं मन दाखवतोय. एवढं वर्षभर त्या घरातला चहा पिऊन, तिथली फुलं देवाला वाहून, त्यांनी बाईंना मनातल्या मनात कुठे नेऊन बसवलं होतं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

आबांनी लेकीकडे बघितलं. "सुमन, खरं हाय?"

"आबा, तसं नाही ते. ते खत..."

"लोकाचं टाकलेलं तू उचालतीस?"

बाईंनी ट्रे ओट्यावर ठेवला.

आबांनी खिशातून तो रुमाल काढला, गाठ सोडली आणि माती ओट्याच्या खाली झटकली. रुमाल दोनदा झटकला. मग कोपऱ्यातल्या बादलीतलं पाणी घेऊन हात धुतले, पार कोपरापर्यंत. आणि इतक्या हळू बोलले की वहिनींना ऐकूही गेलं नसेल. "तुजी बहीन गेली तवा मी रडलो न्हाई. म्हनलं, एक गेली पर दुसरी ताठ मानंनं चालंल." आत जाऊन पिशवी घेऊन आले. चहा तसाच. बाई फाटकापर्यंत मागे गेल्या, "आबा, निदान पाणी तरी घ्या." त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

वहिनी ताट हातात धरून उभ्याच. मला म्हणाल्या, "काय झालं हो? माझं काही चुकलं का?" मी त्यांना म्हटलं, "वहिनी, तुम्ही आता घरी जा." यापेक्षा पुष्कळ काही म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाकठूक ऐकून मी मागे गेले. बाई पांढऱ्या साडीतच पहारीनं हौद पाडत होत्या. गवंडी भीत होता ती भिंत काही केल्या ढासळत नव्हती, एकेक वीट उचकटावी लागत होती. मी म्हटलं, "बाई, त्यांचं त्यांना द्या परत, आपलं कशाला मोडता?" त्या थांबल्या. हौदातल्या काळ्या मातीकडे बघून म्हणाल्या, "काय परत देऊ? यात आता कुणाचं काय आहे ते मलाच वेगळं करता येत नाही." आणि पुन्हा पहार घातली.

सुट्टी संपली. टोपल्या पुन्हा दारात आल्या. बाईंनी त्या उचलल्या नाहीत. त्यांना ओलांडून त्या शाळेत जायच्या. चार दिवसांत गल्लीत घाण सुटली. तेव्हा वसाहतीला बाईंची आठवण झाली. हेडमास्तरांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत विचारलं, "साळवे बाई, सुरू तुम्ही केलंत. बंद करायच्या आधी लोकांची काही सोय नको का लावायला?"

बाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, माझी नेमणूक विज्ञानाला झालीय ना? की आणखी कशाला?"

हेडमास्तर म्हणाले, "तुम्ही उगाच जातीवर नेता." खोलीत कुणीही जातीचं नाव काढलं नव्हतं. मी म्हटलं, "नेलं तुम्ही सर." ते माझ्यावरही बिघडले. बिघडेनात का.

टोपल्या ठेवणाऱ्या बायका बाईंशी बोलायच्या बंद झाल्या. "एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ," "डोक्यावर बसवलं की असं होतं," हे मी नळावर ऐकलं. मोहिते वहिनी एकट्या रडल्या. पण रडून पुन्हा तेच, "मी तर चांगल्या मनानं दिलं हो." चांगलं मन म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायचं? मला नाही जमलं.

मार्चमध्ये बाईंनी राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला नाही. ट्रंक टांग्यात चढवताना मी विचारलं, "आबांचं काय म्हणणं?" त्या म्हणाल्या, "बोलावलंय. एका अटीवर." अट कसली ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या बायका घमेली घेऊन त्यांच्या परसात शिरल्या. हौदाची माती, वाफ्यांची माती, सगळी खरवडून नेली. कुणी गुलाबाच्या कुंडीत घातली, कुणी कोथिंबिरीला. मोहिते वहिनींनी दोन घमेली नेऊन तुळशीवृंदावनात घातली. पुढे दुष्काळ आला, झाडं माना टाकायला लागली, पण ती तुळस तेवढी हिरवीगार राहिली. वहिनी रोज तिला प्रदक्षिणा घालायच्या. बाईंच्या परसात परत मुरूम उघडा पडला. तिथे मी एकदा जाऊन उभी राहिले आणि मला संताप संताप झाला. बाईंनी इथे माती केली होती, हे दाखवायला आता तिथे काही उरलं नव्हतं.

त्यानंतर बाईंना मी एकदाच बघितलं. दुष्काळ सरत आला होता. नगरच्या स्टँडवर मी संगमनेरच्या गाडीची वाट बघत होते. मिरजगावकडे जाणाऱ्या गाडीशेजारी बाकावर बाई बसल्या होत्या. तीच पांढरी साडी, तोच निळा काठ. हात मात्र निराळे दिसले. नखं वाढलेली, गोलाकार कापलेली, तळवे मऊ पडलेले. दुसऱ्या गावच्या शाळेत लागल्या होत्या. आबांना डोळ्याच्या दवाखान्यात आणलं होतं. आबा गाडीत खिडकीशी बसले होते.

आम्ही इकडचं तिकडचं बोललो. बाई मोसंबं सोलत होत्या. एक फोड मला दिली. साल खाली पडू न देता त्या मांडीवरच्या रुमालात गोळा करत होत्या, पूर्वी शाळेत करायच्या तशीच. सवय. सगळी साल जमल्यावर त्यांनी रुमालाची टोकं एकत्र आणली, गाठ मारायला.

तेवढ्यात त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. आबा बघत होते.

बाईंनी गाठ मारली नाही. उठल्या, रुमाल उलटा केला आणि साल फलाटावर झटकली. दोनदा झटकली.

लांबून स्टँड झाडणारी एक बाई खराटा ओढत येत होती. साळवे बाईंनी तिला बघितलं आणि चटकन मान फिरवली. "येते निकम बाई," म्हणून गाडीत चढल्या आणि वडिलांशेजारी जाऊन बसल्या. आबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

गाडी हलली. झाडणारी माझ्यापर्यंत पोचली आणि मला म्हणाली, "पाय वर घ्या बाई." मी पाय वर घेतले. तिनं ती साल बाकीच्या घाणीबरोबर लोटत पुढे नेली.